एका छत्रीवर दोन टीव्ही

अम्मी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन नीट झाले, पण त्यांची खाट मागच्या खोलीत गेली आणि टीव्ही राहिला सोप्यात. माळ्यावरचा जुना डबा टीव्ही खाली काढला. आता वायर ओढली की झाले, असे आम्हाला वाटले.

आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेली ही सेवा. महिन्याचे भाडे नाही. लेकाने छत्रीची केबल सोलून मध्येच जोड मारला. पूर्वी कळकाला बांधलेल्या अँटेनाला असले चालून जायचे. (कळक बांधायला कडेगावात माणूस शोधावा लागत नाही, ताबुतांची कृपा!) सिग्नल निम्मा व्हायचा, चित्रात मुंग्या यायच्या, पण दिसायचे. छत्रीचे तसे नाही. सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून वर एलएनबीला वीज पाठवतो, १३ किंवा १८ व्होल्ट, आणि उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या हे त्यावरून ठरते. सोललेल्या जोडात तारेला तार टेकली आणि सोप्यातलाही टीव्ही बंद पडला.

मग स्वस्तातली युक्ती केली. बॉक्सची एचडीएमआय सोप्यातल्या टीव्हीला, आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची लांब वायर आतल्या टीव्हीला. चित्र आले, आम्ही खूश! पण बॉक्स एक म्हणजे रिमोटही एक, आणि तो बाहेर. अम्मी डीडी उर्दूवर मुशायरा ऐकत असल्या की इकडे पोरे क्रिकेट लावणार. आतून हाक येई, "किसने बदला रे?" चार दिवस हाक आली, मग थांबली. सवय झाली असेल, असे आम्ही धरून चाललो. एका दुपारी आत गेलो तर अम्मी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, आणि पडद्यावर कार्टून.

त्याच आठवड्यात दोन तोंडांची एलएनबी, नवी केबल आणि दुसरा बॉक्स आणला. छत्री तीच. प्रत्येक तोंडातून स्वतंत्र केबल, म्हणून एका खोलीतला चॅनल बदलला तरी दुसरीला धक्का लागत नाही. मध्ये एकही जोड ठेवला नाही. वरच्या पिना टेपने घट्ट गुंडाळल्या, कारण पावसाचे पाणी केबलमध्ये उतरले की सिग्नल जातो.

रिमोट आता अम्मींच्या उशाशी असतो. मुशायरा इतक्या मोठ्याने लावतात की सोप्यातली पोरे ओरडतात, "दादी, आवाज कम करो ना!" अम्मींना ते ऐकू येत नाही म्हणे.