काळोख उसना मिळत नाही



या अंकासाठी आलेल्या कवितांचा गठ्ठा पुढ्यात आहे. निम्म्याहून जास्त कवितांत काळोखच काळोख. डोक्यात किडे, छातीत घुबड, कवटीत स्मशान. पण हा काळोख आला कुठून, हे पाच-सहा कवितांतच कळतं. बाकीच्यांनी तो मंडपवाल्याकडून भाड्यानं आणावा तसा आणलाय. म्हणून यावेळी एका जुन्या, काळ्याकुट्ट कवितेबद्दल बोलू. गजानन माधव मुक्तिबोधांची 'अंधेरे में'.

कविता हिंदी, पण माणूस मराठी घरातला. जन्म १९१७, श्योपूर. थोरला गजानन हिंदीत गेला. धाकटा शरच्चंद्र मराठीत राहिला, आणि दलित साहित्य म्हणजे काय यावर त्यानं पुढं लिहिलंही. गजानन माधवांनी नागपुरात पत्रकारी केली, रेडिओत नोकरी केली, १९५८ पासून राजनांदगावच्या कॉलेजात शिकवलं. १९६२ साली त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारनं बंदी घातली. ११ सप्टेंबर १९६४ला ते गेले. जिवंतपणी फक्त स्वतःच्या कवितांचं असं एक पुस्तक त्यांच्या हाती पडलं नाही. ही कवितासुद्धा ते गेल्यावर हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात छापून आली.

मी ती लातूर-मुंबई गाडीच्या जनरल डब्यात दोन खेपांत वाचली. माझी हिंदी शाळेतली आणि गोदीतली. निम्मे शब्द अडले. भीती मात्र कुठंच अडली नाही.

आठ भागांची कविता. एक एकटा माणूस. अंधारात, आतल्या खोल्यांत कोणीतरी येरझारा घालतंय, दिसत नाही. मग तोच दारावर येऊन कडी वाजवतो आणि ह्याला उठवत नाही. उठलो तर सोय मोडेल, ही धास्ती. मध्यरात्री रस्त्यावरून मिरवणूक निघते. बँड, फौज, आणि त्यांच्यात शहरातले नामवंत : मंत्री, उद्योगपती, विद्वान, समीक्षक, कवीसुद्धा. त्यांच्याच रांगेत शहरातला बदनाम खुनी. ह्यानं पाहिलं हे त्यांना कळतं आणि पाठलाग सुरू होतो. टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त येतं. वडाखाली एक वेडा गाऊन स्वतःलाच जाब विचारत बसलाय. पुढं ह्याला पकडतात आणि डोकं फोडून आत विचार कुठं दडलेत ते शोधतात.

या माणसाचं डोकं फिरलंय का? हिंदीत यावर मोठं भांडण झालं. नामवर सिंह म्हणाले, हा स्वतःच्या अस्मितेचा शोध आहे. रामविलास शर्मांना त्यात दुभंगलेल्या मनाचा आजार दिसला. दोघेही मोठे पंडित. मी मॅट्रिक. तरी सांगतो, भीती ह्याच्या डोक्यात उगवलेली नाही, ती रस्त्यावरून आत आलीय. नागपुरात एम्प्रेस मिलच्या कामगारांवर गोळी चालली, ती या कवितेत उतरलीय असं अभ्यासक सांगतात. पाहणारा माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट नोकरीवर जातो. पाहिलं आणि गप्प राहिलं, की ते डोक्यात चालायला लागतं. कवितेतला आजार तो हा. बाकी ज्याचं डोकं खरोखर दुखतंय त्याला दवाखान्यात न्या. त्याच्या हालाची प्रतिमा करून टाळ्या घेऊ नका.

मिरवणुकीचं म्हणाल, तर मराठवाड्याला ती परकी नाही. १९७८च्या जुलैत नामांतराचा ठराव झाला आणि वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. मारणारे कोणी परग्रहावरून आले नव्हते, गावातलेच होते. मुक्तिबोधांना जे स्वप्न म्हणून लिहावं लागलं, ते आपल्या आईबापांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

आता कवितेशी माझं भांडण. एक, या माणसाला दार आहे. उघडू की नको, असा विचार करायला त्याला रात्र मिळते. ज्यांच्या घराला कूड होता, त्यांना हा पेच कधी पडलाच नाही. दोन, मिरवणुकीतले मंत्री, शेठ, पंडित सगळे बिननावाचे. नाव आहे ते फक्त खुन्याला, आणि ते काय, तर डोमाजी उस्ताद. डोम ही मसणवटीत राबणारी जात. विदर्भात डोमाजी आपल्याही घरांतलं नाव. एवढ्या सावध कवीच्या हातून मवाल्याला हेच नाव का पडावं? पांढरपेशा मन स्वतःला कितीही सोलत गेलं तरी कुठंतरी साल राहतेच.

तरीही कविता मोठी आहे. का, तर तो वेडा व्यवस्थेला शिव्या देऊन मोकळा होत नाही. आधी स्वतःची गचांडी धरतो. आपल्या गठ्ठ्यात हेच नाही. आपला 'मी' सगळ्या कवितांत जखमी आहे, एकाही कवितेत गुन्हेगार नाही.

माझंच सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतला एक जण गोणींखाली सापडला. क्रेनचा दोर झिजलेला मी सकाळीच पाहिला होता. मुकादमानं कागद पुढं केला : चूक त्याची. पाळी जाईल म्हणून मी सही केली. त्याचा पाय गेला. माझी पाळी राहिली. आमची खोली दहा बाय दहा, आत दुसरी खोली नाही. तरी त्या रात्रीपासून आत कोणीतरी लंगडत चालतंय. तेव्हा मला 'अंधेरे में' कळली, शब्दकोश न उघडता.

ती कविता मी अजून लिहिलेली नाही. आधी त्या मित्राकडे जाऊन सही कबूल करायचीय, मग कागद.

तेव्हा लेको, घुबडं आणि कवट्या परत पाठवतोय, राग मानू नका. तुम्ही काय पाहिलंत आणि कुठं गप्प बसलात, ते लिहा. शब्द अडाणी असले तरी चालतील. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.