गुणोत्तर नाण्यांचे की रुपयांचे?

हडपसरच्या मंडईतल्या एखाद्या गल्ल्यात दोन आणि पाच रुपयांची नाणी ३:२ या प्रमाणात आहेत आणि एकूण रक्कम १६० रुपये आहे, तर प्रत्येक प्रकारची नाणी किती? दहावीच्या बीजगणितातले पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे, आणि हे उदाहरण त्याच घराण्यातले. इथे मुलांची बेरीज-वजाबाकी सहसा चुकत नाही. चूक त्याआधीच होते, कारण ३:२ हे नाण्यांच्या संख्येचे गुणोत्तर आहे की त्यांच्या किमतीचे, हे न ठरवताच पेन चालू लागते. म्हणून झटपट रीत हाती देण्याआधी दोन अक्षरांची पूर्ण मांडणी करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

समजा, दोनची नाणी क्ष आणि पाचची य. संख्येचे गुणोत्तर ३:२ असल्याने २क्ष = ३य, आणि रकमेवरून २क्ष + ५य = १६०. पहिल्यातली किंमत दुसऱ्यात घातली की ८य = १६०, म्हणजे य = २० आणि क्ष = ३०. साठ रुपये आणि शंभर रुपये, ताळा जमला. पण इथे शिक्षकांनी घाई करू नये. पहिल्या समीकरणातला २ गुणोत्तरातून आला आहे, तर दुसऱ्यातला २ नाण्याच्या किमतीतून. दोन्हीकडे २क्ष दिसते म्हणून मूल ते उचलून ठेवते आणि उत्तर बरोबर येते, पण दोन्हींचा उगम वेगळा आहे हे त्याला कळले की नाही, ते उत्तरावरून समजत नाही. ते वर्गात विचारूनच घ्यावे लागते. आता तेच ३:२ कुणी किमतीचे गुणोत्तर धरले, तर दोनच्या नाण्यांचे ९६ रुपये आणि पाचच्या नाण्यांचे ६४ रुपये होतात. चौसष्ट रुपयांत पाचची नाणी १२.८! इथे मूल थबकेल आणि मागे वळेल. मात्र एकूण रक्कम ४०० केली, तर संख्येच्या अर्थाने ७५ आणि ५० नाणी येतात, किमतीच्या अर्थाने १२० आणि ३२. दोन्ही उत्तरे पूर्णांकात, दोन्हींची बेरीज ४००. असा ताळा चुकीच्या वाचनालाही पास करतो. तिथे मुलाला सावरणारी एकच ओळ असते, ती म्हणजे ‘समजा, दोनची नाणी क्ष’.

यावर शिकवणीवाले म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? ३क आणि २क धरा, ६क + १०क = १६०, क = १०, संपले. ही रीत सुंदर आहे आणि ती शिकवलीच पाहिजे; तीन दोनची आणि दोन पाचची मिळून सोळा रुपयांचा एक संच, असे दहा संच, हे तिच्यात लख्ख दिसते. पण गुणोत्तर आयते दिलेले नसले की ती थांबते. एकूण १६० रुपये आहेत आणि पाचची आणखी १० नाणी आली तर दोन्ही प्रकारची नाणी सारखी होतात, एवढेच सांगितले तर क कुठून आणणार? तिथे क्ष = य + १० आणि २क्ष + ५य = १६० हाच सरळ रस्ता. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् आणि पुढच्यांना कालक, नीलक अशी रंगांची नावे दिली होती. प्रत्येक अज्ञात राशीला स्वतःचे नाव हवे, ही शिस्त आपल्याकडे इतकी जुनी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीलाही आता मोबाइलवरून पैसे दिले जातात, मग नाण्यांची उदाहरणे कोणासाठी? पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनात नाही, तेव्हा पावलीची उदाहरणे खुशाल काढून टाकावीत. पण नाण्यात एक गुण आहे जो दुसऱ्या वस्तूत सहज सापडत नाही: त्याची संख्या आणि त्याची किंमत दोन्ही मुलाला बोटांवर मोजता येतात, शिवाय अर्धे नाणे नसते, ही अट कुठल्याही समीकरणात न लिहिता पाळावी लागते. त्यामुळे प्रश्न काढणाऱ्यांवरही जबाबदारी येते. ‘नाण्यांचे गुणोत्तर’ एवढेच न छापता ‘नाण्यांच्या संख्येचे गुणोत्तर’ असे छापावे, आणि अधूनमधून याच ३:२ साठी एकूण १०० रुपये देऊन अशी नाणी असू शकतील का, असेही विचारावे. शंभराला सोळाने पूर्ण भाग जात नाही, हे ज्या मुलाने कारणासह लिहिले त्याला पूर्ण गुण द्यावेत.