नऊ जणांच्या संघातले तिघे

डॅलसच्या उत्तरेला ॲलन नावाचं उपनगर आहे. तिथल्या सरकारी हायस्कूलच्या फुटबॉल संघासाठी २०१२ मध्ये अठरा हजार आसनांचं स्टेडियम उभं राहिलं. खर्च सहा कोटी डॉलर, तोही मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून. दोनच वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि दुरुस्तीसाठी ते बंद ठेवावं लागलं. अमेरिकी उपनगरांतल्या शाळांच्या खेळवेडाचा विषय निघाला की याच स्टेडियमचा दाखला दिला जातो. पण या शाळांकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, आणि तिला फारसा पैसा लागत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचे शिक्षणाधिकारी रॉबर्ट पीटरसन यांनी १९६८ मध्ये ‘अकॅडेमिक डेकॅथलॉन’ ही आंतरशालेय ज्ञानस्पर्धा सुरू केली. विषय दहा: गणित, विज्ञान, अर्थशास्त्र, साहित्य, संगीत, कला, समाजशास्त्रं, शिवाय निबंध, भाषण आणि मुलाखत. संघ नऊ जणांचा. त्यात तीन मुलं वरच्या श्रेणीतली, तीन मधल्या आणि तीन खालच्या श्रेणीतलीच हवीत. प्रत्येक गटातल्या दोघांचे सर्वोत्तम गुण बेरजेत धरतात, म्हणजे काठावर पास होणाऱ्या मुलाच्या गुणाला पहिल्या आलेल्या मुलीच्या गुणाइतकंच वजन.

या एका नियमानं शिक्षकांची नजर बदलते. जिंकायचं तर त्यांना मागच्या बाकांवर शोध घ्यावा लागतो. वाचनाची आवड आहे पण गृहपाठ कधीच पूर्ण नसतो, असा मुलगा अचानक शाळेला हवाहवासा होतो. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या वुडलँड हिल्स या एकाच वस्तीतल्या टाफ्ट आणि एल कमिनो रिआल या दोन सरकारी शाळांनी राष्ट्रीय विजेतेपद कितीदा तरी पटकावलं. तिथं संघात येणं ही फुटबॉलसारखीच मानाची गोष्ट झाली. रोज शाळा सुटल्यावर तासन्‌तास सराव, प्रशिक्षक, निवड चाचणी, सगळं आलं.

ईर्षेचा रोगही आला. १९९५ मध्ये शिकागोच्या स्टाइनमेट्झ हायस्कूलनं आधीच हाती लागलेल्या प्रश्नपत्रिकेच्या जोरावर राज्य स्पर्धा जिंकली आणि विजेतेपद गमावलं. त्या प्रकरणात प्रशिक्षकच सामील होता, हे सर्वांत लाजिरवाणं.

खेळाच्या बाजूला टेक्ससनं १९८४ मध्ये ‘नापास, तर मैदान बंद’ असा कायदा केला. हेतू चांगला होता. पण ज्या मुलाला शाळेत धरून ठेवणारी गोष्ट फक्त खेळ, त्याचा तोच धागा हा कायदा तोडतो. पीटरसनचा नियम नेमका उलटा चालतो: कमी गुणांच्या मुलाला बाहेर न काढता त्याच्यासाठी जागा राखून ठेवतो.

म्हणूनच ‘सायन्स ऑलिंपियाड’ या शालेय विज्ञानस्पर्धेकडे पाहून वाईट वाटतं. पंधरा जणांचा संघ, पण अशी राखीव जागा नाही. ऑरेंज काउंटीतलं ट्रॉय हायस्कूल किंवा क्लीव्हलँडजवळचं सोलन यांच्यासारख्या शाळा पुन्हापुन्हा अव्वल ठरतात. त्या मुलांची मेहनत खरी आहे, कौतुकही रास्तच. तरी पंधरांतल्या निदान पाच जागा मधल्या आणि खालच्या श्रेणीसाठी ठेवाव्यात. कमी गुणांची मुलं घेऊन राष्ट्रीय पातळीवर झुंजता येतं, हे वुडलँड हिल्सच्या शाळांनी दाखवून दिलंच आहे.