पंचाविना लढाई

प्रशियाच्या लष्करात १८२४ साली राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने ‘क्रीगस्पील’ नामक युद्धक्रीडा रुजविली, तेव्हा प्रत्येक हुकुमाचा निवाडा करण्यास स्वतंत्र पंच नेमलेला असे. परंतु आज ‘वॉरहॅमर’सारख्या खेळांत, जेथे चिमुकल्या सैनिकांची दोन दळे एकाच टेबलावर समोरासमोर उभी ठाकतात, तेथे बहुधा पंच नसतो, आणि म्हणूनच न्यायदानाची जबाबदारी उभय खेळाडूंवर येते.

फासा कलता पडला, तर त्यावरील अंक आपणास अनुकूल असतानाही तो निमूटपणे पुन्हा टाकावा. पथक हलविण्यापूर्वी आपला हेतू स्पष्ट सांगावा. आणि प्रतिपक्षाच्या सैनिकास त्याच्या अनुमतीवाचून स्पर्श करू नये, कारण बोटभर उंचीच्या त्या मूर्तीवर, तिच्या पट्ट्यावर, डोळ्यांच्या बुबुळांवर, कुणाच्या तरी अनेक रात्रींचे श्रम खर्ची पडलेले असतात.

नियमाविषयी तंटा उद्भवल्यास ग्रंथ पाहावा, तेथेही उलगडा न झाल्यास फाशाचा कौल घेऊन पुढे जावे. काही स्पर्धांत खिलाडूवृत्तीसाठी स्वतंत्र पारितोषिक असते. माझ्या मते ते विजेत्याच्या पारितोषिकाआधी, भर सभेत दिले जावे.