आमदारकी आली, पत्र सुटले नाही

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची चळवळ म्हटली की आपली गाडी मार्टिन ल्यूथर किंग आणि ब्लॅक पँथरपाशी थांबते. फ्रेडरिक मॅडिसन रॉबर्ट्स हे नाव आपल्या कार्यकर्त्यांच्या कानावरूनही गेलेले नसते. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले १९१३ साली. त्याच्या एक वर्ष आधी, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिस शहरात रॉबर्ट्स यांनी आपल्या समाजासाठी वर्तमानपत्र काढले. ते पुढे 'न्यू एज' या नावाने चालले. घरचा व्यवसाय अंत्यसंस्कारांचा. आपल्याकडे हे काम कोणाच्या माथी मारले गेले ते सांगायला नको! तिकडे मात्र या व्यवसायाचे गिऱ्हाईक समाजातलेच असे. पोटासाठी गोऱ्या मालकाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. संपादकाचा कणा ताठ राहायला ही गोष्ट लहान नाही.

१९१८ साली रॉबर्ट्स कॅलिफोर्नियाच्या विधानसभेवर निवडून आले. त्या राज्याचे ते पहिले कृष्णवर्णीय आमदार. १९२० च्या शिरगणतीत लॉस एंजेलिसची लोकसंख्या पावणेसहा लाखांवर होती, त्यात कृष्णवर्णीय सुमारे साडेपंधरा हजार. म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत. राखीव जागेचा आधार नाही. उलट प्रतिस्पर्ध्याने त्यांच्या वर्णावरून हिणकस प्रचार केला. तरीही ते निवडून आले आणि सोळा वर्षे सभागृहात राहिले. शिक्षण, नागरी हक्क, लिंचिंगला आळा हे त्यांचे तेथले विषय.

पण या सोळा वर्षांत त्यांनी पत्र सोडले नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. आपल्याकडे काय होते? कार्यकर्ता उसनवारी करून साप्ताहिक चालवतो, अन्यायाच्या बातम्या छापून नाव कमावतो. एखादे महामंडळ मिळाले की साप्ताहिकाचे अंक फक्त जयंतीला, तेही जाहिरातींपुरते निघतात. बाबासाहेबांनी याच्या नेमके उलटे केले होते. 'मूकनायक' बंद पडलेला होता. मुंबई कौन्सिलात गेल्यावर, ३ एप्रिल १९२७ ला त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केला. सभागृहात बोललेले वस्तीत पोहोचवायचे असेल तर पत्र आपल्याच हातात हवे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

रॉबर्ट्स यांची चूकही सांगितली पाहिजे. ते लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला चिकटून राहिले. मंदीच्या काळात समाज मात्र रूझवेल्टकडे वळू लागला होता. १९३४ साली ऑगस्टस हॉकिन्स या तरुण कृष्णवर्णीय डेमोक्रॅटने त्यांचा पराभव केला. आमदारकी गेली. 'न्यू एज'चे संपादन मात्र ते पुढे चौदा वर्षे, १९४८ पर्यंत करत होते.

जय भीम!