भिंतीवर आपले नाव

जून महिन्याच्या मध्यावर महाराष्ट्रातील बहुतेक शाळा उघडतात. विदर्भात ऊन कडक असते, म्हणून तिथे त्या थोड्या उशिरा सुरू होतात. शाळा उघडण्याआधी वर्ग झाडले जातात. दाराला पताका लागतात. फळ्यावर रंगीत खडूने ‘खुश आमदीद’ आणि ‘सुस्वागतम्’ लिहिले जाते. भिंतींवर बाजारातून आणलेले छापील तक्ते येतात : फळे, फुले, जंगली प्राणी. मागच्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलांचे फोटोही लागतात.

वर्ग सुंदर दिसतो, हे खरे. पण तो कोणासाठी सजवला आहे? एखादी मुलगी महानगरपालिकेच्या उर्दू शाळेतून सातवी पास होऊन आठवीसाठी तुमच्या शाळेत येते. तिच्या जुन्या मैत्रिणी दुसऱ्या तुकडीत गेलेल्या असतात. ती दारात उभी राहून भिंतीकडे पाहते. तिथे वाघ आहे, अननस आहे, हुशार मुलांचे चेहरे आहेत. ती स्वतः कुठेच नाही. म्हणून मला वाटते, स्वागताच्या भिंतीवर पहिला मान वर्गातील प्रत्येक मुलाच्या नावाचा असावा. ही नावे मुलांनीच लिहावीत आणि ती उर्दू व मराठी अशा दोन्ही लिपींत असावीत.

एक लांब कागदी पट्टी घ्या. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून. दोन्ही टोकांकडून नाव लिहीत गेलात, तर दोन्ही लिपी पट्टीच्या मध्यभागी येऊन भेटतात.

मग खरी गंमत सुरू होते. जाकिर, जीनत, जहीर आणि जिया ही चार नावे पाहा. उर्दूत ती चार वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात : ज़ाल, ज़े, ज़ोय आणि ज़्वाद. मराठीत मात्र कोणी ‘ज’ लिहितो, कोणी ‘झ’. कासीम आणि कलीम यांची उर्दू अक्षरे निराळी, पण मराठीत दोघे एकाच ‘क’च्या घरात राहतात. उलट मराठीतला ‘ळ’ उर्दूत नाही. तुमच्या मराठीच्या बाईंचे आडनाव कांबळे असेल, तर ते उर्दूत कसे लिहायचे? त्यांनाच विचारा, त्यांनाही विचार करावा लागेल.

मात्र हा नुसता खेळ नाही. हजेरीपटावर ‘झाकीर’, आधार कार्डावर ‘जाकिर’ आणि गुणपत्रिकेवर आणखी तिसरेच काही, असे झाले की पुढे फार त्रास होतो. प्रतिज्ञापत्र करावे लागते, कचेरीत खेपा घालाव्या लागतात, वडिलांची रोजची मजुरी बुडते. पहिल्याच आठवड्यात नाव भिंतीवर लागले आणि घरच्यांनी ते जन्मदाखल्याशी ताडून पाहिले, तर चूक वेळीच सापडते. वर्गशिक्षकांनीही हजेरीपट भरण्याआधी ही भिंत एकदा वाचावी.

नावांच्या शेजारी थोडी जागा शब्दांना द्या. कागद, तक्ता, खुर्ची, हजेरी हे मराठी शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत, कारण ते फारसी-अरबीतूनच मराठीत आले आहेत. काहींनी मात्र इकडे येऊन अर्थ बदलला. उर्दूत ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी, मराठीत ‘दप्तर’ मुलांच्या पाठीवर असते. मराठी शेजारी ‘तालमीत जातो’ म्हणाला, तर तो शाळेत नव्हे, कुस्ती खेळायला निघाला आहे असे समजा!

सामानासाठी खर्च नको. थर्मोकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात 2018 साली बंदी आली, ते बरेच झाले. जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ पुरते. मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावांत सूत संपल्यावर पुठ्ठ्याचे कोन उरतात. त्यांच्या फुलदाण्या होतात. पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि खळीने चिकटवलेला कागद सुटतो, म्हणून सुतळी बांधून चिमट्यांनी पट्ट्या अडकवा. आणि त्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असू द्या. पंख्याजवळचे नाव कोण वाचणार?

काहीजण म्हणतील, मुलांचे अक्षर वेडेवाकडे असते, पाहुणे आले तर वर्ग गबाळा दिसेल. मला हे पटत नाही. पाहुणे वर्षातून एकदा येतात, मुले रोज येतात. अक्षराची काळजी असेल, तर डिसेंबरात तेच नाव पुन्हा लिहा आणि जुन्या पट्टीखाली लावा. पहिल्या आलेल्यांचे फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर शोभतील.

एक कोपरा मात्र रिकामा ठेवा. आईवडील कामासाठी गाव बदलतात, तेव्हा काही मुले ऑगस्टमध्ये, काही दिवाळीनंतरही शाळेत येतात. त्यांच्यासाठी चार-पाच कोऱ्या पट्ट्या तिथे अडकवा आणि एक स्केचपेन सुतळीला बांधून ठेवा.