आठवडाभर दिल्ली, वसईकर स्टाइल

बॉसने एकदाची सात दिवसांची रजा मंजूर केलीय आणि प्लॅन दिल्लीचा आहे? मग गोखिवऱ्याहून बॅग उचलण्याआधी पहिला फंडा ऐका : सोमवार सांभाळा! लाल किल्ला, नॅशनल म्युझियम, लोटस टेंपल, अक्षरधाम, सगळं त्या दिवशी बंद. सोमवारी कुतुबमिनार आणि मेहरौली उरका.

मंगळवारी लाल किल्ला. दिवाण-ए-खासचं छत नीट बघा. तिथली चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवली, कारण फौज पोसायला पैसेच नव्हते. हे भाऊ म्हणजे १७३९ मध्ये आपला वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांचे चिरंजीव! बाहेर पडलात की चांदनी चौकात पराठेवाली गल्ली आहेच.

बुधवारी हुमायूनची कबर आणि लोधी गार्डन. आग्रा गुरुवारी, कारण शुक्रवारी ताजमहाल बंद. मग शुक्रवारी काय? पानिपत. दिल्लीपासून साधारण ९० किलोमीटर. जानेवारी १७६१ मध्ये भाऊ तिथेच पडले. काला अंबच्या स्मारकाजवळ सेल्फी नंतर काढा, आधी पाच मिनिटं नुसते उभे राहा.

शनिवारी नॅशनल म्युझियम, रविवारी दिल्ली हाट. फिरायला मेट्रो बेस्ट. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च गाठा.

आणि हो, परत आल्यावर एक रविवार वसईच्या किल्ल्यालाही द्या. ‘जवळच तर आहे’ म्हणत किती वर्षं टाळणार?